मॉर्मन मिशनऱ्याची दिनचर्या व साधना

मिशनरी हा शब्द महाराष्ट्रास नवा नाही. १८१३ साली अमेरिकन मिशनचे पहिले लोक मुंबईस उतरले, तेव्हापासून शाळा काढणारे, छापखाने चालविणारे व मराठीची व्याकरणे रचणारे मिशनरी मराठी समाजाने पाहिले आहेत. ह्या लोकांनी धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले असे. धर्मप्रसार हे त्यांचे आयुष्यभराचे काम असे. आणि त्यांच्या योगक्षेमाची तरतूद त्यांची संस्था करीत असे. मॉर्मन पंथाचा मिशनरी ह्या तिन्ही बाबतींत त्यांच्याहून निराळा आहे. तो बहुधा १८ ते २० वर्षांचा तरुण असतो. धर्मशास्त्राच्या पदवीशी त्याचा संबंध नसतो. दोन वर्षे संपली की तो घरी परततो आणि इतर चार तरुणांप्रमाणे शिक्षणास किंवा नोकरीस लागतो. ह्या दोन वर्षांबद्दल त्याला पगार नाही. खर्चाचा भार तो स्वतः आणि त्याचे कुटुंबीय उचलतात. अशा कोवळ्या वयाचा मुलगा परक्या गावी दिवसभर करतो तरी काय, आणि ते करीत असता त्याच्या अंतःकरणात काय घडते, हा प्रश्न धर्माच्या अभ्यासकाप्रमाणेच तरुणांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या कोणासही विचार करण्याजोगा वाटेल.

ज्याला सामान्यतः मॉर्मन पंथ म्हणतात त्याचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. २०१८ साली पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरला. येथे ‘मॉर्मन’ हा शब्द केवळ रूढ व सुटसुटीत म्हणून योजिला आहे. जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ह्या पंथाची स्थापना केली. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बायबलाच्या जोडीने हा ग्रंथही ईश्वरप्रेरित आहे असे पंथाचे अनुयायी मानतात. इतर ख्रिस्ती पंथांस ते मान्य नाही. विरोध व छळ सोशीत हे लोक पश्चिमेकडे सरकत गेले आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. आजचे यूटा राज्य ते हेच. मॉर्मन म्हटला की कित्येकांस बहुपत्नीकत्व आठवते. परंतु पंथाने ती चाल १८९० साली जाहीरनामा काढून सोडली. ह्या पंथाची आणखी एक विशेष गोष्ट अशी की, गावोगावच्या उपासनामंडळांस पगारी पुरोहित नसतो. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार आपापला धंदा सांभाळून ते काम पाहतो. धर्मकार्य हे सामान्य माणसाचे कर्तव्य आहे ही जी पंथाची धारणा, तिच्यातूनच तरुण मिशनऱ्यांची प्रथा वाढली.

ह्या प्रथेचा आरंभ पाहिला तर तो मोठासा उत्साहजनक नव्हता. १८३० साली जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युअल ग्रंथाच्या काही प्रती घेऊन पायी फिरू लागला. घरोघर त्याला नकार मिळाला, आणि एका रात्री तर त्याने झाडाखाली अंग टाकले. आपली खेप वाया गेली अशीच त्याची समजूत झाली. परंतु त्याने दिलेल्या प्रतींपैकी एक यंग नावाच्या कुटुंबात हातोहात फिरली, आणि त्याच कुटुंबातील ब्रिगॅम यंग याने १८३२ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे सबंध पंथास पश्चिमेकडे घेऊन जाणारा पुढारी तो हाच. आपल्या कामाचे फळ काय हे काम करणाऱ्यास बहुधा कळत नाही, ह्याचे हे उदाहरण तरुण मिशनऱ्यांस आजही सांगण्यात येते.

१८३७ साली पंथाचे प्रचारक इंग्लंडात पोहोचले, आणि नंतरच्या काळात तर प्रौढ, कुटुंबवत्सल गृहस्थांस बायकामुलांस मागे ठेवून समुद्रापार जाण्याची आज्ञा होऊ लागली. १८३९ साली ब्रिगॅम यंग व हीबर किंबॉल हे दोघे तापाने फणफणत असता, आणि घरची माणसेही अंथरुणास खिळलेली असता, इंग्लंडच्या वाटेस लागले. ह्याच काळात एक प्रचारक महाराष्ट्रातही येऊन गेला. ह्यू फिंडले हा स्कॉटिश गृहस्थ १८५२ साली मुंबईस उतरला आणि तेथून पुण्यास गेला. त्याने पुण्यात एक लहानशी मंडळी जमविली. परंतु ते काम टिकले नाही, आणि त्या दशकाच्या मध्यास हिंदुस्थानातील हे मिशन मोडले. पुढे पुष्कळ वर्षांनी, १९९३ साली, पंथाने बंगळूर येथे आपले मिशन रीतसर स्थापन केले.

स्त्रियांस हा मार्ग उशिरा मोकळा झाला. आइनेझ नाइट व जेनी ब्रिमहॉल ह्या दोन अविवाहित तरुणींची १८९८ साली इंग्लंडसाठी नेमणूक झाली, तेव्हापासून स्त्रियाही मिशनरी म्हणून जाऊ लागल्या. त्यांची मुदत १८ महिन्यांची, पुरुषांची २४ महिन्यांची. २०१२ साली वयाची अट शिथिल होऊन पुरुषांस १८ व्या आणि स्त्रियांस १९ व्या वर्षी जाण्याची मुभा मिळाली, आणि मिशनऱ्यांची संख्या एकदम वाढली. २०२४ च्या अखेरीस ती ७४ हजारांहून अधिक होती, आणि जगभर ४५० मिशने होती. पुरुष मिशनऱ्यास ‘एल्डर’ व स्त्रीस ‘सिस्टर’ असे संबोधितात. ह्या मुदतीत त्यांचे पाळण्यातले नाव जवळजवळ बाजूस पडते.

कोणत्या देशी जावयाचे हे मिशनरी स्वतः ठरवीत नाही. तो अर्ज करतो; त्याच्या वर्तनाविषयी स्थानिक धर्माधिकारी विचारपूस करतात; वैद्यकीय तपासणी होते; आणि मग मुख्य कचेरीकडून नेमणूक येते. ती शेजारच्या राज्यातील असेल, ब्राझीलमधील असेल किंवा जपानातील असेल. कित्येक घरांतून हे नेमणुकीचे पत्र सर्व आप्तांसमक्ष वाचण्याचा प्रघात आहे. त्यानंतर शिक्षणकेंद्रात काही आठवडे जातात. ह्यांतील सर्वांत मोठे केंद्र यूटामधील प्रोव्हो येथे आहे. ज्याला नवी भाषा शिकावयाची नाही त्याचे शिक्षण थोडक्यात आटोपते; ज्याला शिकावयाची आहे त्याला अधिक दिवस लागतात. अर्थात एवढ्या अवधीत भाषा येत नाही. चूक झाली तरी बोलण्याची लाज तेवढी मोडते.

आता प्रत्यक्ष दिनचर्येकडे वळू. पुष्कळ वर्षे चालत आलेला क्रम असा: सकाळी साडेसहास उठणे, प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, स्नान व न्याहारी. आठ ते नऊ स्वतःचे ग्रंथवाचन. नऊ ते दहा जोडीदाराबरोबर अध्ययन. कोणास काय शिकवावयाचे, कोणत्या शंकेस कसे उत्तर द्यावयाचे, ह्याची तयारी ह्या तासात होते. भाषा नवी असल्यास तिच्यासाठी आणखी वेळ. दहाच्या सुमारास बाहेर पडावयाचे ते दुपारचे व सायंकाळचे जेवण वगळता रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. कोठे पायी, कोठे सायकलीवर, क्वचित मोटारीने. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाची आखणी, रोजनिशी लिहिणे, आणि साडेदहास दिवा मालविणे. २०१७ साली हे वेळापत्रक थोडे सैल करण्यात आले. देशोदेशींच्या चालीरीतींस अनुसरून वेळा बदलण्याची मोकळीक स्थानिक प्रमुखांस मिळाली. तरी अध्ययन, प्रार्थना व श्रम ह्यांचा सांगाडा तोच राहिला.

आठवड्यातून एक दिवस ‘तयारीचा दिवस’ असतो. ह्या दिवशी कपडे धुणे, केस कापणे, बाजारहाट, खोलीची झाडलोट आणि घरच्यांशी पत्रव्यवहार. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी ही ह्या पंथात सर्वांसच वर्ज्य आहेत. मिशनऱ्यास त्यांखेरीज प्रेमप्रकरणे आणि बहुतेक करमणुकी वर्ज्य. महिन्यातून एक रविवार दोन वेळचे जेवण सोडून उपवास करावयाचा आणि वाचलेल्या अन्नाचे मोल गरिबांसाठी द्यावयाचे, हाही पंथाचा सर्वसाधारण नियम त्याला लागू असतो. खर्चाच्या बाबतीत पूर्वी मोठी विषमता होती; महागड्या देशी नेमणूक झाली की घरच्यांवर आकाश कोसळे. १९९१ पासून अमेरिकेतील मिशनऱ्यांस, देश कोणताही असो, दरमहा सारखीच रक्कम भरावी लागू लागली. २०२० साली ती ४०० वरून ५०० डॉलर झाली.

ह्या दिनचर्येतील सर्वांत कठीण गोष्ट कोणती, असे विचारल्यास पहाटे उठणे किंवा पायपीट करणे हे उत्तर सहसा येणार नाही. ती गोष्ट म्हणजे जोडीदार. भगवान बुद्धाने आपल्या पहिल्या भिक्षूंस दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले होते, कारण थोड्या माणसांनी पुष्कळ लोकांपर्यंत पोहोचावयाचे होते. येशूने आपल्या शिष्यांस दोघादोघांनी पाठविले असे शुभवर्तमानात आहे, आणि मॉर्मन मिशनरी तो नियम अक्षरशः पाळतो. जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. एकाच खोलीत राहावयाचे, एकत्र जेवावयाचे, एकत्र हिंडावयाचे, आणि एकमेकांच्या दृष्टीआड व्हावयाचे नाही. एक शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा शहरी वकिलाचा. एकास बोलण्याची हौस, दुसरा मुखदुर्बळ. एक टापटिपीचा, दुसऱ्याचे मोजे खोलीभर. काही आठवड्यांनी बदल्या होतात खऱ्या, परंतु तोपर्यंत पळवाट नसते. घरी भावाशी भांडण झाले तर दार आपटून बाहेर जाता येते. येथे बाहेर जावयाचे तेही त्याच्याच बरोबर. दाराशी उभे राहून क्षमा व प्रेम यांविषयी बोलावयाचे आणि परतताना वाटेत जोडीदाराशी अबोला धरावयाचा, ही विसंगती कोणाही प्रामाणिक तरुणास फार दिवस सोसत नाही. मग तो एके रात्री आधी बोलतो, किंवा मुकाट्याने दुसऱ्याचेही ताट धुतो. पंथाच्या परिभाषेत ज्याला आत्मिक वाढ म्हणतात तिचा आरंभ पुष्कळदा अशा ताटापाशी होतो.

दुसरी कसोटी नकाराची. धार्मिक चर्चेची भूक घेऊन कोणी दारात वाट पाहत नसतो. दार उघडते, काळ्या बिल्ल्यावरील नाव दिसते, आणि दार मिटते. काही लोक सौजन्याने नाही म्हणतात, काही कुत्रा सोडतात. ज्या मुलाने शाळेत नेहमी शाबासकी मिळविली, त्याला दिवसातून कित्येक वेळा ‘आम्हांस तू नको आहेस’ असे ऐकावे लागते. येथे दोन मार्ग फुटतात. एक मार्ग आकड्यांचा. किती जणांशी बोललो, किती जणांचा बाप्तिस्मा झाला, ह्यांवरून स्वतःची किंमत करू लागले की मन एक दिवस फुगते व दुसऱ्या दिवशी खचते. शिवाय समोरचा माणूस माणूस न राहता संख्या होतो. हा धोका पंथाच्या चालकांसही दिसला असावा. मिशनऱ्यांनी कळवावयाच्या ठरावीक आकड्यांची संख्या त्यांनी २०१७ साली नऊवरून चारवर आणली. दुसरा मार्ग असा की, समोरच्या माणसाने आपले म्हणणे नाकारले तरी त्याचे भले चिंतावयाचे. आजारी म्हातारीच्या अंगणातले बर्फ काढावयाचे, कोणाचे सामान हलविण्यास हात लावावयाचा, आणि त्याचा मोबदला धर्मांतराच्या रूपाने मागावयाचा नाही. ह्या मार्गावर पाऊल टाकणे बोलण्याइतके सोपे नसते.

गॉर्डन हिंकली ह्या तरुणाची गोष्ट ह्या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९३३ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, वयाच्या २३ व्या वर्षी तो इंग्लंडात गेला. त्याची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. बाजारहाटातून उरलेली नाणी साठवून तिने मुलांच्या मिशनसाठी जी पुंजी ठेवली होती, तिचा त्याला आधार झाला. प्रेस्टन गावी त्याची प्रकृती ठीक राहीना, लोक ऐकेनात, आणि आईने जमविलेला पैसा आपण व्यर्थ घालवीत आहोत ह्या विचाराने तो खचला. त्याने वडिलांस तसे स्पष्ट लिहिले. वडिलांचे उत्तर अगदी त्रोटक आले. स्वतःस विसर आणि कामास लाग, एवढाच त्याचा मथितार्थ. त्याने खोलीत गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तसे करण्याचे ठरविले. पुढे १९९५ ते २००८ पर्यंत हाच गृहस्थ पंथाचा अध्यक्ष होता, आणि आपल्या आयुष्यात जे काही चांगले झाले त्याचे मूळ तो त्या दिवसाकडे नेत असे. त्या पत्रानंतर इंग्लंडातले लोक काही निराळे झाले नाहीत. हिंकलीची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली.

स्वतःस विसरण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे दुसऱ्याची भाषा. १८५० च्या डिसेंबरात दहा मॉर्मन मिशनरी हवाई बेटांवर उतरले. तेथील गोऱ्या वस्तीस उपदेश करावा असा त्यांचा विचार होता. परंतु गोरे लोक थोडे, आणि तेही उदासीन. दहापैकी काही परत फिरले. जॉर्ज कॅनन नावाचा २३ वर्षांचा तरुण मात्र मूळ रहिवाशांची भाषा शिकावयाचीच असा निश्चय करून राहिला. माउई बेटावर त्याची गाठ जोनाताना नापेला ह्या विद्वान हवाईयन न्यायाधीशाशी पडली. त्या दोघांच्या सहकार्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’चे हवाईयन भाषांतर तयार झाले आणि १८५५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे छापले गेले. शिकविण्यास आलेला तरुण प्रथम विद्यार्थी झाला, तेव्हाच त्याला शिकविता आले. आजही परदेशी गेलेल्या मिशनऱ्यास हाच अनुभव येतो. त्याचे अडखळते वाक्य एखादे लहान मूल हसून दुरुस्त करते, आणि त्याचा अभिमान आपोआप थोडा झडतो.

ह्याहूनही खोल जाणारी गोष्ट श्रद्धेची आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या शेवटच्या प्रकरणात, हे खरे की खोटे हे वाचकाने प्रार्थना करून स्वतः ईश्वरासच विचारावे, असे आवाहन आहे. मिशनरी प्रत्येक श्रोत्यास हेच सांगतो. परंतु जे दुसऱ्यास करावयास सांगावयाचे ते स्वतः केले आहे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिल्याशिवाय राहत नाही. कित्येक तरुण घरच्या रीतीमुळे, मित्र जातात म्हणून, किंवा आईस बरे वाटावे म्हणून निघालेले असतात. आईबापांची श्रद्धा ही त्यांची वडिलोपार्जित मिळकत असते; ती खणखणीत आहे की नाही हे त्यांनी कधी वाजवून पाहिलेले नसते. परक्या गावी, एखाद्या बुद्धिमान माणसाने सरळ प्रश्न विचारला की पाठ केलेले उत्तर घशात अडते. पूर्वी मिशनऱ्यांस ठरावीक धडे तोंडपाठ म्हणावे लागत. २००४ साली निघालेल्या ‘प्रीच माय गॉस्पेल’ ह्या मार्गदर्शक पुस्तकाने समोरच्या व्यक्तीची गरज पाहून आपल्या शब्दांत बोलण्यावर भर दिला. स्वतःच्या शब्दांत बोलावयाचे तर स्वतःचे काही असावे लागते. म्हणून सकाळचा तो वाचनाचा तास आणि रात्रीची ती प्रार्थना यांस खरे महत्त्व आहे. तेथे कोणी पाहत नसते, आणि आकडाही भरावयाचा नसतो.

प्रत्येकाची वाढ होतेच असे मात्र नाही, आणि ह्या व्यवस्थेची किंमतही लहान नाही. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळास व मातृदिनी, असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तयारीच्या दिवशी दर आठवड्यास बोलण्याची मोकळीक मिळाली, आणि पुष्कळ आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घराची ओढ, आजार, मनाचा थकवा किंवा श्रद्धेचा भंग ह्यांमुळे काही तरुण मुदतीपूर्वी परततात. ज्या समाजात मिशनवरून परतलेल्या मुलाचे कौतुक होते, त्याच समाजात असा अर्ध्यातून आलेला मुलगा मान खाली घालून वावरतो. विचारपूस करणाऱ्याचा साधा प्रश्नही त्याला टोचतो. त्याने काही महिने प्रामाणिकपणे केलेले श्रम कोणी मोजीत नाही. ज्या पंथाने नम्रता व क्षमा शिकविण्यास मुले परदेशी धाडली, त्याच्याच घरच्या अंगणात त्या शिकवणुकीची परीक्षा अशा मुलाच्या रूपाने होते. पंथातील विचारी माणसे हे आता उघडपणे बोलू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

मुदत पुरी करून परतलेल्याचीही परीक्षा संपलेली नसते. बिल्ला उतरतो, ‘एल्डर’ हे संबोधन जाते, आणि साडेसहास उठविणारा नियम उरत नाही. आता तो पुन्हा विद्यार्थी, कारकून किंवा सुतार होतो. लग्न करतो, कर्ज फेडतो. दोन वर्षे ज्या चौकटीने त्याला उभे धरले ती काढून घेतल्यावर तो किती ताठ उभा राहतो, ह्यावरून त्या दोन वर्षांचे मोल ठरते. घर बांधताना भोवती परांची उभारतात. भिंत पक्की झाली की ती उतरवितात. परांची उतरल्यावर ढासळणारी भिंत असते, आणि उभी राहणारीही असते. संसारात पडलेला एखादा माजी मिशनरी आजारी शेजाऱ्याकडे न बोलाविता जाऊन बसतो, घरातील भांडण झोपण्यापूर्वी मिटवितो, आणि नकार ऐकूनही माणसाविषयी कटुता धरीत नाही. त्याने किती जणांस बाप्तिस्मा दिला हे त्याच्या शेजाऱ्यास ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची त्याला गरजही वाटत नाही.